गिरगावातलं वाचनालय, २००९ चा पीएचपी कोड आणि एक 'वरचा स्वल्पविराम': प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर तीन शनिवारनंतर आपणच काय केलं ते आपल्यालाच आठवत नाही.

काम असं. गिरगावातलं जुनं वाचनालय, बाबा तिथले सभासद होते, मी लहानपणी दिवाळी अंकांसाठी भांडायचे तिथे. त्यांचं देवघेवीचं सॉफ्टवेअर २००९ मधे कुणीतरी ओळखीच्या मुलाने फुकट करून दिलेलं, पीएचपी (वेबपानं बनवायची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). तो मुलगा आता कुठे आहे कुणाला माहीत नाही. होस्टिंगवाल्यांचा (ज्यांच्या सर्व्हरवर हे चालतं) मेल आलाय की पीएचपी ५.६ बंद करतोय, ८.२ वर या. ५.६ चा सपोर्ट २०१८ च्या शेवटीच संपला, म्हणजे होस्टिंगवाल्यांनीही बरीच वर्षं दया दाखवली म्हणायची. आणि ह्या कोडमधे सगळीकडे ती जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स आहेत जी पीएचपी ५.५ मधे जुनाट ठरवली आणि ७ मधून काढूनच टाकली. म्हणजे ८.२ वर टाकलं की पहिल्याच पानावर फेटल एरर.

कार्यवाह काका म्हणाले "तेवढं नवीन फंक्शन टाक ना जुन्याच्या जागी, बाकी कशाला हात लावू नकोस." मी हो म्हटलं. मग ग्रंथपाल बाईंनी हळूच सांगितलं की खोताच्या वाडीतले एक-दोन सभासद आहेत, डि'सोझा, डि'मेलो, त्यांचं नाव शोधलं की स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी येतं. "आधी चालायचं गं, मधेच कधीतरी बंद झालं. आता आम्ही नंबरवरून शोधतो."

शोधून बघितलं. इंग्रजीत डि'सोझा टाइप केलं, एंटर, आणि अख्खी क्वेरी (डेटाबेसला विचारायचं वाक्य) टेबलच्या नावासकट स्क्रीनवर. सिंटॅक्स एरर. म्हणजे क्वेरीचं व्याकरण मोडलं. काकांना दाखवलं तर म्हणतात तो वरचा स्वल्पविराम (म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी) टाकायचाच कशाला.

८ जून, शनिवार

कोड लॅपटॉपवर उतरवून घेतला, डेटाबेसची कॉपी पण (फोन नंबर आणि पत्ते आधी खोटे करून घेतले). मोजलं तर ६१ फाइल्समधे २१२ ठिकाणी क्वेरी आहे आणि २१२ पैकी २१२ ठिकाणी ती जोडून जोडून बनवलीय, म्हणजे कोट, मग फॉर्ममधून आलेलं जे असेल ते, मग परत कोट. क्वेरीत कोट आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी एकच, म्हणून डि'सोझामधला लागला की मजकूर तिथेच संपला असं धरलं जातं. एका फाइलच्या डोक्यावर कॉमेंट आहे "याला हात लावू नये". तिथूनच सुरुवात केली.

"आधी चालायचं" चं कोडं सुटलं. जुन्या पीएचपीत मॅजिक कोट्स नावाचा प्रकार होता, फॉर्ममधून जे काही येईल त्यातल्या प्रत्येक अ‍ॅपॉस्ट्रॉफीच्या आधी पीएचपी स्वतःच बॅकस्लॅश घालायचं (हा मजकुरातला आहे, कोट नाही अशी खूण, यालाच एस्केप म्हणतात). ५.३ मधे त्याला नको म्हणायला सुरुवात झाली, ५.४ मधे २०१२ साली गेलंच ते. होस्टिंगवाल्याने कधीतरी मधे व्हर्जन वाढवलं आणि त्या दिवसापासून डि'सोझा बंद. कोड तोच, खालची जमीन सरकली.

आणि गंमत म्हणजे त्या मुलाने सभासद नोंदणीच्या पानावर मॅजिक कोट्स असतानाही वरून, तेच काम करणारं, अ‍ॅडस्लॅशेस लावलं होतं, म्हणजे दुहेरी. त्यामुळे नाव टेबलमधेच बॅकस्लॅशसकट जाऊन बसलंय. मग कुणी पत्ता बदलायला तेच रेकॉर्ड उघडून सेव्ह केलं की एकाचे तीन, परत केलं की तिनाचे सात. एका बाईंच्या नावात खरोखर सात बॅकस्लॅश आहेत, म्हणजे त्यांचं रेकॉर्ड नोंदणीनंतर दोनदा सेव्ह झालंय. पुराणवस्तूवाले थर मोजतात तसं वाटलं मला.

मग लॉगिनचं पान. माहीत होतं काय होणार, तरी करून बघितलं. युजरच्या जागी ' ऑर १=१ -- असं टाकलं (कोट बंद, मग 'किंवा १=१' जे नेहमीच खरं, आणि दोन डॅशनंतरचं सगळं कॉमेंट, म्हणजे वाचलंच जात नाही), शेवटी एक स्पेस (मायएसक्यूएलला दोन डॅशनंतर स्पेस लागते, नाहीतर कॉमेंट धरत नाही), पासवर्डच्या जागी काहीही. आत. सरळ आत, आणि टेबलमधला पहिला माणूस म्हणजे अ‍ॅडमिन, म्हणजे मी आता कार्यवाह काका. ह्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

संध्याकाळी ऑफिसमधल्या मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला एवढं काय त्यात, सगळीकडे एस्केप लावून टाक, दोन तासांचं काम. वाद घातला त्याच्याशी अर्धा तास. एक तर २१२ ठिकाणी आठवणीने लावायचं आणि एक विसरलं की खेळ खल्लास. दुसरं म्हणजे एस्केप फक्त कोटाच्या आतल्या गोष्टीला वाचवतं. आपल्याकडे अर्ध्या क्वेऱ्यांत सभासद क्रमांक कोटाशिवाय घातलाय, तिथे कुणी ४१२ ऑर १=१ पाठवलं तर त्यात एस्केप करण्यासारखं अक्षरच नाही, काय एस्केप करणार? आणि अ‍ॅडस्लॅशेसचं तर २००६ मधेच लोकांनी दाखवलं होतं की कनेक्शन चिनी जीबीके एन्कोडिंगचं (एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटमधे लिहायची पद्धत) असेल तर आधीचा एक बाइट तो बॅकस्लॅश गिळून टाकतो आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी परत मोकळा. तो म्हणाला गिरगावात चिनी कुठून आलं. मुद्दा तो नाही रे.

९ जून, रविवार

सेंट्रलला मेगाब्लॉक, घरीच. बरं झालं.

ठरलं: पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची एक पद्धत) आणि सगळीकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आधी पाठवायची आणि मूल्यं वेगळी. मायएसक्यूएलआय ही दुसरी पद्धत पण चालली असती, पण त्यातल्या मूल्यं जोडणाऱ्या बाइंडपॅरमला प्रत्येक वेळी ती एस एस आय (स्ट्रिंग, स्ट्रिंग, आकडा) अशी प्रकारांची माळ द्यावी लागते आणि मी ती मोजण्यात चुकते, माझा अनुभव आहे.

नक्की काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलचा जनरल लॉग (सर्व्हरकडे काय काय आलं त्याची नोंद) चालू केला. साधी क्वेरी, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह, खाली एक्झिक्यूटमधे डि'सोझा. लॉगमधे बघते तर एकच ओळ, 'क्वेरी' म्हणून, आणि नाव बॅकस्लॅश लावून आतच जोडलेलं. अरे? मग आठवलं, पीडीओ मायएसक्यूएलसाठी मुळात प्रिपेअरचं नुसतं सोंग करतं, इम्युलेट प्रिपेअर्स बाय डिफॉल्ट चालू असतं. म्हणजे प्रश्नचिन्हाच्या जागी पीडीओच नीट एस्केप करून नाव भरतं आणि तयार वाक्य सर्व्हरला पाठवतं. कनेक्शनचा कॅरसेट (म्हणजे एन्कोडिंग कुठलं ते) नीट दिला असेल तर तेही व्यवहारात ठीकच असतं, पण मला खरं हवं होतं.

ते इम्युलेशन फॉल्स, म्हणजे बंद केलं. आता दोन ओळी. आधी 'प्रिपेअर', त्यात सिलेक्ट वगैरे आणि खरंखुरं प्रश्नचिन्ह. सर्व्हर ते वाचतो, वाक्याचं व्याकरण तिथेच ठरवून टाकतो आणि एक नंबर देतो की हे तुमचं स्टेटमेंट. मग 'एक्झिक्यूट', तो नंबर आणि सोबत मूल्य वेगळ्या पाकिटात. नाव पोचतं तोपर्यंत वाक्य ठरून गेलेलं असतं, त्यामुळे नावात ऑर असो, कोट असो, काही असो, ते नावच राहतं. (लॉगमधे एक्झिक्यूटच्या ओळीत मूल्य भरून दिसतं त्याने गोंधळू नये, ते आपल्याला वाचायला म्हणून तसं छापतात.)

सर्व्हरच्या बाजूने हे मायएसक्यूएल ४.१ पासून आहे, पीडीओ पीएचपी ५.१ मधे २००५ ला आलं. म्हणजे आपला कोड लिहिला तेव्हा सगळं हाताशी होतं. त्या मुलाला दोष नाही देत मी, तेव्हा नेटवरचे सगळे धडे जोडून जोडूनच शिकवायचे, मी पण तसंच शिकले.

आईने तीनदा जेवायला बोलावलं.

१५ जून, शनिवार

आज एकही क्वेरी बदलली नाही आणि दिवस गेला.

नवीन कनेक्शनमधे कॅरसेट यूटीएफ८एमबी४ (ज्यात मराठीही बसते) दिला आणि अख्ख्या वाचनालयाची मराठी गेली. पुस्तकांच्या नावांच्या जागी ए वर तिरकी रेघ, मग ते चार पायांचं गोल चिन्ह, परत ए. हजारो पुस्तकं, सगळी तशीच. दोन मिनिटं पोटात गोळा आला, मग आठवलं की ही कॉपी आहे.

कारण असं निघालं की जुनं कनेक्शन कॅरसेट न सांगता उघडायचं, म्हणजे लॅटिन१ (युरोपी अक्षरांसाठीचा, एका अक्षराला एक बाइट). टेबलचे कॉलमही लॅटिन१. पान मात्र यूटीएफ८ चं. मराठीचे बाइट लॅटिन म्हणून आत गेले, लॅटिन म्हणून बाहेर आले, ब्राउझरने यूटीएफ८ म्हणून वाचले आणि पंधरा वर्षं सगळ्यांना वाटलं ठीक चाललंय. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या. मी एक दुरुस्त केल्याबरोबर दुसरी उघडी पडली.

उपाय माहितीतला आहे, कॉलम आधी व्हारबायनरी (नुसते बाइट) करायचा म्हणजे मायएसक्यूएल बाइटना हात लावत नाही, मग तिथून यूटीएफ८एमबी४. पहिली पायरी झाली, दुसरीला एरर, चुकीचं स्ट्रिंग मूल्य. बघितलं तर पुस्तकाच्या नावाचा कॉलम १०० चा. लॅटिन१ मधे १०० म्हणजे १०० बाइट, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना मात्रा वेलांटी सगळं धरून. म्हणजे ३३ चिन्हं बसतात आणि १ बाइट उरतो, त्यात चौतिसाव्याचा तुकडा. लांब नावं सगळी शेपटी तुटलेली.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "हो ना, आम्हाला वाटायचं कॉम्प्युटरला लांब नावं चालत नाहीत. म्हणून मग आम्हीच छोटी करून घालायला लागलो." पंधरा वर्षं त्या पुस्तकांची नावं छोटी करतायत आणि कुणाला बोलल्या नाहीत.

शेवटचा तुटका बाइट छाटायची छोटी स्क्रिप्ट लिहिली, कॉलम २५५ केला, मराठी परत आली. तुटलेली नावं दाखल नोंदवहीतून हाताने भरावी लागतील, ते बाई करणार म्हणाल्या, आनंदाने म्हणाल्या.

२२ जून, शनिवार

शोध आणि यादीची पानं. प्रश्नचिन्ह टाकलं की झालं असं वाटणाऱ्यांसाठी (म्हणजे १५ दिवसांपूर्वीची मी) आजचा दिवस चांगला होता.

लाइकमधे (अर्धवट शब्दावरून शोध, टक्के म्हणजे 'इथे काहीही चालेल') टक्के, प्रश्नचिन्ह, टक्के असं कोटाच्या आत लिहिलं. चालत नाही. कोटाच्या आत गेलं की ते प्रश्नचिन्ह नुसतं एक अक्षर, पीडीओ म्हणतं पॅरामीटरचा आकडा जुळत नाही. टक्के मूल्यात घालायचे, क्वेरीत एकटं प्रश्नचिन्ह. आणि शोधणाऱ्याने स्वतः % टाइप केलं तर अख्खा कॅटलॉग येतो, ते प्रिपेअर थांबवत नाही कारण त्याच्या दृष्टीने तो डेटाच आहे. ते वेगळं एस्केप केलं, अंडरस्कोअर पण (तो म्हणजे कुठलंही एक अक्षर).

नाव किंवा लेखक, दोन्हीकडे एकच शब्द शोधायचा म्हणून प्रश्नचिन्हाऐवजी नाव असलेला प्लेसहोल्डर वापरला, :शोध, दोनदा. इम्युलेशन चालू असताना चालतं, बंद केलं की परत तोच पॅरामीटरचा एरर. दोन वेगळी नावं दिली.

मग पावती. सभासद एकदम तीन पुस्तकं नेतो तेव्हा तिन्हींचे दाखल क्रमांक क्वेरीतल्या 'इन' (यांपैकी कुठलाही) च्या कंसात जायचे, जुन्या कोडमधे स्वल्पविरामाने जोडून. मी तिथे एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि जोडलेली माळ दिली. एरर नाही, काही नाही, पावतीवर एकच पुस्तक. म्हणजे ते ४१२,५६७,८९० हे त्याला एकच मूल्य दिसलं, एक स्ट्रिंग, आणि आकड्याशी तुलना करताना मायएसक्यूएलने सुरुवातीचे ४१२ घेतले आणि बाकीचं सोडून दिलं. जितकी पुस्तकं तितकी प्रश्नचिन्हं मोजून बनवावी लागतात. आणि शून्य पुस्तकं असतील तर रिकामा कंस म्हणजे सिंटॅक्स एरर, ते आधीच तपासायचं.

सॉर्टिंग पण असंच फसवं. यादीच्या मथळ्यावर क्लिक केलं की त्या कॉलमने क्रम लागतो, कॉलमचं नाव यूआरएलमधून येतं. ऑर्डर बाय (क्रम लावायचा शब्द) प्रश्नचिन्ह केलं. चाललं! म्हणजे एरर आला नाही. क्रम मात्र कशानेच लागला नाही, कारण 'लेखक' हा शब्द मूल्य म्हणून गेला आणि प्रत्येक ओळीला तोच शब्द, त्याने काय क्रम लागणार. टेबलचं नाव, कॉलमचं नाव, असेंडिंग की डिसेंडिंग, हे सगळं वाक्याचं व्याकरण आहे आणि ते प्रिपेअरच्या वेळीच ठरलेलं लागतं. तिथे प्रश्नचिन्ह नाही, तिथे आपण लिहिलेली यादी, चार कॉलमची नावं, आलेलं त्यात असेल तरच घ्यायचं नाहीतर दाखल क्रमांक. मला वाटतं चुका होतात त्या इथे, कारण माणूस सगळीकडे प्रिपेअर करून निर्धास्त होतो आणि नेमकं ऑर्डर बाय मात्र जोडून देतो, कारण दुसरं चालतच नाही.

लिमिट (एका वेळी किती ओळी) एका पानावर चाललं, अहवालाच्या पानावर नाही, सिंटॅक्स एरर. तासभर गेला. कनेक्शनच्या फाइल्स दोन आहेत! अहवालवाल्या फाइलमधे मी इम्युलेशन बंद केलंच नव्हतं, त्यामुळे २० च्या भोवती कोट लागून लिमिट '२०' जात होतं. दुसरी फाइल डिलीट केली. आज सगळ्यात समाधान त्याचंच.

२९ जून, शनिवार

टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल होती. काम केलं नाही.

४ जुलै, गुरुवार

बाईंना तुटलेल्या नावांची यादी द्यायला ऑफिसमधून लवकर निघून गिरगावला जायचा विचार केला, आजच. वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमची मिरवणूक मरीन ड्राइव्हला आहे हे माहीत असूनही वाटलं आपण तर ठाकूरद्वारच्या बाजूला जाणार, आपल्याला काय. चर्नी रोडच्या पुलावर अर्धा तास उभी होते, पुढेही जाता येईना मागेही. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, परत मुलुंड. कंपास पेटीसारखी चेपून आले.

६ जुलै, शनिवार

नावांमधले बॅकस्लॅश साफ केले. ३८ रेकॉर्ड्स. डि'सोझा आता नुसता डि'सोझा आहे. नवीन पानावर शोधलं, आलं. बाईंनी टाळी वाजवली.

८ जुलै, सोमवार

पहाटे जाग आली ती पावसाच्या आवाजाने. रात्री १ ते सकाळी ७ मधे काही ठिकाणी ३०० मिलीमीटरच्या वर पडला म्हणे, सेंट्रल ठप्प, ऑफिसने घरूनच करा सांगितलं. दुपारी ऑफिसची मीटिंग रद्द झाली आणि मी वाचनालयाचं काढून बसले. हे ऑफिसमधल्या कुणी वाचत नसेल अशी आशा.

एका दिवंगत सभासदांच्या घरच्यांनी पुस्तकं दिलीत, आठशेच्या आसपास, एक्सेलमधे यादी. ती आत घ्यायचं पान. इथे प्रिपेअरचा खरा फायदा कळतो, एकदा तयार करायचं आणि आठशे वेळा नुसती मूल्यं पाठवायची. अर्थात मी आधी प्रिपेअर लूपच्या आतच लिहिलं होतं, म्हणजे आठशे वेळा तयारी. एकेकट्या क्वेरीला खरं तर प्रिपेअरने एक फेरी जास्तच पडते सर्व्हरपर्यंत, ते आपल्या वाचनालयात कुणाला जाणवणार नाही, पण लूपच्या आत ठेवणं म्हणजे प्रत्येक पोळीला नवीन कणीक भिजवणं.

बाहेर काढलं. चालवलं. पहिली नोंद: पुस्तकाचं नाव २५०, लेखक २५०, प्रकाशक २५०, किंमत २५०. दुसरी: नाव १८०, लेखक १८०. एकटीच हसत बसले. बाइंडपॅरम वापरलं होतं मी फोरईचच्या (म्हणजे लूपच्या) आत. ते मूल्य घेत नाही, व्हेरिएबलचा पत्ता घेतं, आणि एक्झिक्यूट होतं तेव्हा त्या पत्त्यावर जे असेल ते. फोरईचचं व्हेरिएबल सगळ्यांना एकच, त्यात शेवटी उरली किंमत. बाइंडव्हॅल्यू केलं. खरं तर एक्झिक्यूटला सरळ अ‍ॅरे दिला असता तरी चाललं असतं, उगाच शहाणपणा.

सगळं ट्रान्झॅक्शनमधे ठेवलं होतं की मधे अडलं तर काहीच नको. ३४० च्या पुढे एका ओळीत किमतीच्या जागी 'भेट' लिहिलेलं, तिथे फुटलं, रोलबॅक (सगळं मागे घेणं) झाला, बघते तर आधीच्या सगळ्या ओळी जागच्या जागी. रोलबॅकने एरर दिला नाही, काम पण केलं नाही. टेबलं मायआयसॅम प्रकारची! २००९ मधे मायएसक्यूएलचं तेच डिफॉल्ट होतं, इनोडीबी ५.५ पासून झालं. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळतच नाही, तो मान डोलावतो आणि पुढे जातो. सगळी टेबलं इनोडीबी केली. परत चालवलं, फुटलं, शून्य ओळी. छान फुटलं.

१३ जुलै, शनिवार

आज थोडं भांडण झालं.

काका म्हणाले किती दिवस चाललंय हे, आणि आपल्या वाचनालयात चोरण्यासारखं आहे तरी काय, जुनी पुस्तकं? मी म्हटलं काका, सभासदांचे पत्ते, फोन, कोण काय वाचतं ते. हा इंजेक्शनचा प्रकार जगाला पहिल्यांदा नीट लिहून दाखवला तो डिसेंबर १९९८ मधे, फ्रॅक नावाच्या हॅकरांच्या अंकात, म्हणजे ही काही नवीन थेरं नाहीत. आणि २०१५ मधे इंग्लंडात टॉकटॉक नावाच्या टेलिफोन कंपनीचं असंच झालं, दीड लाखाच्या वर ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सरकारी माहिती आयुक्तांनी ४ लाख पौंड दंड लावला. आणि भोक कुठे होतं तर दुसरी कंपनी घेताना सोबत आलेल्या जुन्या पानांत, जी कुणाच्या लक्षातच नव्हती. काका म्हणाले आपल्याला कोण दंड लावणार. मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्या नावाने आत गेली होतीस म्हणे तू?" बाईंनी सांगितलेलं दिसतंय. दाखवलं मी. काका गप्प. मग चहा मागवला.

आता खरी गोष्ट. थकबाकीदारांची यादी काढायला गेले आणि डि'सोझावर सिंटॅक्स एरर. परत! अहवालांतल्या आठ क्वेऱ्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या, कारण त्यात बाहेरून काहीच येत नाही, सगळं आपल्याच टेबलमधून. त्यांचं असं: आधी सभासदांची नावं घ्यायची आणि मग एकेक नाव जोडून देवघेवीच्या टेबलमधे शोधायचं. (हो, क्रमांकाने नाही, नावाने. विचारू नका.) नाव आत जाताना प्रिपेअरने नीट गेलं, बाहेर पडलं ते साधा अ‍ॅपॉस्ट्रॉफी घेऊन, आणि दुसऱ्या क्वेरीत मी... म्हणजे त्या मुलाने... ते तसंच चिकटवलं. आपल्या घरातलं म्हणून विश्वास ठेवला. मी एखाद्या सभासदाचं नाव म्हणून युनियन सिलेक्ट वगैरे (दुसरं टेबल वाचायची क्वेरी) भरलं असतं तर नोंदणी सुखरूप झाली असती आणि महिन्याभराने कार्यवाहांनी अहवाल काढला की फुटलं असतं. आठही प्रिपेअर केल्या, क्रमांकाने जोडल्या.

पण मग प्रश्न पडला की ही यादी इतकी वर्षं कशी चालत होती, एरर कसा नाही आला? बसून कागदावर काढलं. नावात बॅकस्लॅश होता ना, तो क्वेरीत गेल्यावर एस्केपचं काम करायचा, म्हणजे वाक्य बरोबर, एरर नाही, फक्त शोधलं जायचं ते बॅकस्लॅश नसलेलं नाव, आणि टेबलमधे सगळीकडे बॅकस्लॅश असलेलं. शून्य ओळी. म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफीवाल्या एकाही सभासदाचं नाव थकबाकीच्या यादीत कधी आलेलंच नाही. २००९ पासून.

काकांना सांगितलं. काका चहाचा कप ठेवून म्हणाले, "एकदाही नाही?"

२० जुलै, शनिवार

किरकोळ पण हवंच. सॉफ्टवेअर डेटाबेसला रूटने (सगळे अधिकार असलेला युजर) जोडलेलं होतं, वेगळा युजर केला, वाचणं, घालणं, बदलणं, बस. टेबल उडवायची परवानगी नाही. एरर स्क्रीनवर दाखवणं बंद, फाइलमधे जातील, वाचणाऱ्याला नुसतं "काहीतरी चुकलं, काउंटरवर सांगा". पासवर्ड एमडी५ मधे (लपवायची जुनी, कच्ची पद्धत) होते, ते लॉगिन होईल तसे नवीन पद्धतीने बदलतील, त्यासाठी कॉलम ३२ वरून २५५ केला, ह्या वेळी आधी आठवलं.

जुन्या फंक्शनसाठी अख्खा फोल्डर शोधला. शून्य. मग क्वेरीत टिंब देऊन (पीएचपीत टिंब म्हणजे जोडणी) काही जोडलंय का ते शोधलं, तीन जागा, तिन्ही ऑर्डर बायच्या, तिन्हींना यादी आहे. तिन्हींच्या वर कॉमेंट लिहिली की इथे जोडलंय ते का. "याला हात लावू नये" वाली कॉमेंट काढून टाकली.

२७ जुलै, शनिवार

सकाळी ९ ला जुनं बंद केलं, डेटा घेतला, कॅरसेट, बॅकस्लॅश, इनोडीबी सगळ्या पायऱ्या स्क्रिप्टने, साडेदहाला ८.२ वर चालू. काउंटर ११ ला उघडतो. देवघेव नीट, पावतीवर तिन्ही पुस्तकं. एका आजोबांना लांब नावाचं पुस्तक पूर्ण नावाने सापडलं तर त्यांनी बाईंना विचारलं नवीन आलंय का.

दुपारी काकांनी थकबाकीची यादी छापली. जुन्यापेक्षा ११ नावं जास्त. त्यातल्या एक आंटी योगायोगाने वर्गणी भरायला समोरच उभ्या होत्या. काकांनी यादी पुढे सरकवली. २०१६ पासून एक कादंबरी त्यांच्याकडे आहे, रोजच्या दराने दंड चार आकडी. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी दोनदा आणून द्यायला आले होते, तुमच्या कॉम्प्युटरमधे माझं नावच नव्हतं. म्हणून परत घेऊन गेले." काकांनी पेन काढून दंडाचा आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. मला म्हणाले हे कॉम्प्युटरमधे कसं करायचं.

दंड माफीचं बटण नाहीये. पुढच्या शनिवारी.